जर्मनीची तिकिटं आणि सत्काराचा नारळ

चौकात माझं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. ते मी आणि माझ्या मित्राने मिळून काढलेलं. मोडक्या रेडिओतून शिट्ट्या आणि घुमारे काढण्यात आमच्या दुपारच्या दुपारी जायच्या. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. दोन-तीन वर्षांनी अचानक त्याचं पाकीट आलं. आत तिथल्या एका कार्यक्रमाची दोन तिकिटं होती. सगळं संगीत म्हणे विजेच्या यंत्रांतून निघणार होतं. "आपलं वेड इथे स्टेजवर चढलंय. ये," एवढंच त्याने लिहिलं होतं.

आमच्याकडे परदेशी जाणाऱ्याचा सत्कार पासपोर्टच्याही आधी होतो. सरपंचांनी शाल आणि नारळ दिला. माझ्याच माइकवरून मी गावाचे आभार मानले. मग मित्राला कळवलं, की व्हिसासाठी तुझं पत्र पाठव, विमानासाठी मी दुकानातले दोन कर्णे विकतोय.

महिन्याने उत्तर आलं. "अरे, तू खरंच निघालास? मला वाटलं, तिकिटं बघूनच खूश होशील. ऑफिसात फुकट वाटत होते. त्या दिवशी मीसुद्धा इथे नाही."

त्यानंतर कितीतरी वर्षं गिऱ्हाइकं विचारायची, "काय रं, जर्मनीला कदी?" शाल मी अॅम्प्लिफायरवर टाकली, धूळ बसू नये म्हणून. नारळ मात्र आईने सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी आमटीत घातला होता. "तो निघताना वाढवायचा होता," मी तिच्यावर ओरडलो होतो.

"निघशील तवा दुसरा आणू," ती म्हणाली होती.