फ्रान्समधली पंगत

आधी चहाचा घोट गिळून घ्या. कारण फ्रान्समध्ये मी जे करून आलो ते ऐकताना चहा नाकात गेला, तर मले बोलू नका!

आमची शीतल आन जावई तिथं नोकरीले हाये. लहानसं गाव. नदी, दगडी पूल, चर्च, खिडकीखिडकीत फुलं. मी आन शीतलची आई, आमच्या इंझोरी गावातून कधी बाहेर न पडलेले दोघं, तिथं सुट्टीवर! शीतल कामावर गेली की आमी हिंडाले निघत होतो.

बाजारात चीज चाखाले देतात. पहिल्या दिवशी हिनं नाकाले पदर लावला. "विटलं हाये हे!" तिसऱ्या दिवशी हीच मले कोपर मारून म्हणे, "तो वासाचा तुकडा घ्या ना अजून!" आन वाइन? जांभूळ खाल्ल्यावानी जीभ तुरट होते, मंग मस्त वाटते. जावयासमोर घेतली नाही बरं का!

तर एक दिवस चर्चच्या घंटा वाजल्या. बाजूच्या बागेत पाहतो तं झाडाखाली लांबच लांब टेबल, पांढऱ्या चादरी, फुलं, पाव, वाइन. सारी माणसं काळ्या सुटात.

"लगन हाये!" मी म्हटलं.

"काळे कपडे घालून?"

"अवं, आपल्या इकडचे नवरदेव काय घालतात? सूटच ना!"

"मंग नवरी कुठी हाये?"

"कपडे बदलून राह्यली असन!"

मधात एका म्हाताऱ्या बाईचा मोठा फोटो, भोवती फुलंच फुलं. मले तं भरून आलं. गेलेल्या माणसाले लग्नात इतका मान! आपणही मांडवात आजीचा फोटो ठेवतो की नाही?

तेवढ्यात एका बाईनं आमाले फाटकाशी पाहिलं आन हातानं आत बोलावलं. आता तुमीच सांगा, 'या' म्हटल्यावर पंगतीतून कोनी वापस जाते का? बसलो. वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी होती. तिखट नावाले नाही, पण मी बोटं चाटली.

समोर एक म्हातारा बसला होता. त्याच्या ताटाले हात नाही. ज्या बाईनं आमाले बोलावलं, तीच घडीघडी येऊन त्याले दोन घास खाय म्हणून विनवे. तो मान हलवे. ती डोळे पुसत वापस जाये.

मी हिले म्हटलं, "हा नवरीचा बाप."

"इतका म्हातारा?"

"इकडे लग्नं उशिरा करतात!"

शीतलच्या लग्नात मी असाच बसलो होतो ना! घास उतरत नव्हता. मले राहवलं नाही. उठलो, त्याच्या बाजूले जाऊन बसलो, पावाचा तुकडा रश्शात बुडवला आन सरळ त्याच्या तोंडासमोर धरला. "खा गा बाप्पा. माही शपथ हाये तुले. एक घास!"

त्यानं माह्याकडे पाहिलं. मंग तोंड उघडलं.

एक घास, दोन घास... गड्यानं पूर्ण ताट संपवलं! आमाले बोलावणारी ती बाई तोंडावर हात ठेवून उभी. ती येऊन हिच्या गळ्यातच पडली. हीही रडून राह्यली. काहून, ते हिलेही माहीत नाही!

आता इतकं झाल्यावर आशीर्वाद नको द्याले? शीतलनं माह्या फोनात एक बाई बसवून देल्ली होती. आपण मराठी बोला, ती फ्रेंच बोलते. मी उभा राहून खणखणीत म्हटलं, "लय आनंद झाला! असाच कार्यक्रम तुमच्या घरी लवकरच पुन्हा होवो!"

फोनातली बाई बोलली. सारे चमचे थांबले.

म्हातारा माह्याकडे पाहतच राह्यला. आन एकदम हासाले लागला! फोन आपल्या तोंडाशी ओढून काहीतरी बोलला. फोनातली बाई म्हणे, "पुढचा कार्यक्रम माझाच असेल. तुम्ही जरूर या."

मी चाट! या वयात लगन? पण हौसेले काय वय असते? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या प्रेमानं फोनात उत्तर देल्लं. तो तं हासून हासून टेबलावरच आडवा झाला.

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीत आमाले शोधत शीतल आली. फोटो पाहिला, काळे कपडे पाहिले, आन तिचा चेहराच उतरला.

"बाबा! हे मयतीचं जेवण हाये! सकाळी त्या आजीले माती देल्ली. हे आजोबा तिचे मालक!"

जमीन फाटावी आन मी आत जावं, असं झालं मले. म्हाताऱ्यासमोर हात जोडले. त्यानं माहे दोन्ही हात धरले आन हळूच काहीतरी बोलला. आमाले बोलावणारी ती बाई त्याची पोरगी निघाली, तीही बोलली. शीतलचे डोळे भरले.

"बाबा, आजी गेल्यापासून त्याईच्या पोटात अन्न नव्हतं. समजावलं साऱ्याईनं. घास कोनीच भरवला नाही."

मले रडूच आलं. बाजूले ही माही बाही घट्ट पकडून उभी होती. ही नसन त्या दिवशी मलेही घास उतरणार नाही, हे मले तिथंच कळलं.

मंग शीतलनं नाक पुसलं. "पण हे अजूनही हासून काहून राह्यले? ते सांगतात, त्याईनं 'पुढच्या कार्यक्रमाले या' म्हटलं. मंग तुमी काय म्हटलं?"

"काय म्हणणार? नक्की येतो म्हटलं. फक्त जरा लवकर उरका, आमचा व्हिसा महिन्याच्या आखरीले संपते!"