रमजानच्या पंज्याएवढं उपरणं

रमजान गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनईजवळच्या जनावरांच्या बाजारात होतो. एका गाईचा सौदा चालू होता. माझा हात गिऱ्हाइकाच्या हातात, वर उपरणं. आम्ही दलाल भाव तोंडाने बोलत नाही. उपरण्याखाली बोटं दाबून सांगतो, आणि हातावर हात पडला की सौदा पक्का. त्या दिवशी मी हात सोडून उठलो... असा सौदा मी कधी मोडला नव्हता.

रमजान बास्केटबॉल खेळायचा. आमच्या गल्लीतला हा ताडमाड पोरगा राज्याच्या संघात गेला, मग पैसे देऊन खेळवणाऱ्या लीगमध्ये. पहिला करार पुण्याच्या एका हॉटेलात झाला, तेव्हा तो मला सोबत घेऊन गेला. त्यांनी आकडा सांगितला आणि हा खुळा लगेच पेन शोधायला लागला. मी त्याच्या पायावर पाय दिला. भांडलो, कप आपटला, दुप्पट घेऊनच उठलो. बाहेर आल्यावर म्हणाला, "दलाल, मला बैलासारखं इकलंस की रं!"

"बैल बरा. त्यो मधे तोंड घालत न्हाई."

त्या पैशात बहिणीचं लग्न झालं, अम्मीला पक्कं घर झालं. सुट्टीत तो हौसेने बाजारात यायचा, पण त्याचा पंजा उपरण्याखाली मावायचा नाही. बोटं बाहेर, भाव सगळ्या बाजाराला दिसायचा. शेवटी मी त्याच्यासाठी मोठं उपरणं घेतलं.

पुढे करार संपत आला तेव्हा संघाचे मालक त्याला म्हणाले, "अजून दोन वर्षं तू आमचाच," आणि हात पुढे केला. रमजानने हात दिला. नंतर दुसऱ्या संघाने जास्त पैसे देऊ केले, तर हा नाही म्हणाला. मी पेटलो.

"आरं, कागद कुठंय?"

"तुमच्या बाजारात कागद असतो व्हय? हात दिलाय मी."

सरावात गुडघा गेला आणि मालकांचा फोन लागेनासा झाला. दुसऱ्या संघाने तोवर जागा भरली होती. रमजान सुप्याला एका कारखान्याचा टेम्पो चालवायला लागला. गुडघे स्टिअरिंगला घासायचे. मालकांना त्याने कधी शिवी दिली नाही. ती मी देत आलोय.

शोकसभेला मालक आले. "रमजान आमच्या घरातला होता," म्हणाले, डोळे पुसले. मग खाली उतरून त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी खांद्यावरचं तेच, रमजानसाठी घेतलेलं मोठं उपरणं त्यावर टाकलं आणि त्यांची दोन बोटं दाबली... जरा जोरातच.

"हे काय?"

"दोन वर्षं. तुम्ही त्याला दिलेली. आता त्याचे पैसे त्याच्या बायकोला, शबानावहिनीला द्यायचे."

पुढच्या रांगेत सगळा बाजार बसला होता. एक म्हातारा ओरडला, "पटलं का, मालक?"

हात सुटेना. शेवटी ते "हो, हो" म्हणाले. मी त्यांच्या हातावर हात मारला.

वहिनींकडे अजून काही आलेलं नाही. हे ज्या पुरवणीत छापून येतंय ती मालक वाचतात, मला माहीत आहे. तर मालक, नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला मी येतोय, बाजार सोबत घेऊन. उपरणं खांद्यावर असेलच... पण या खेपेला ते हातावर टाकणार नाही. बोटं सगळ्यांना दिसू देत, रमजानची दिसायची तशी.