सुवर्णाचा पान्हा

सुवर्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. फोन आमच्या ह्यांचा होता. "शोभा, घरी ये," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "प्लेटलेट वाढल्या का?" त्यांनी फोन ठेवला… मग कळलं. राहिलेल्या चार ताटल्यांत खिचडी वाढली, पोरांची तोंडं पुसली, कुलूप लावलं आणि घरी चालत निघाले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी काही सरकली नाही. माझे पाय रोजच्यासारखेच चालत होते आणि त्याचाच मला राग येत होता. दारात ओवी उभी होती, सुवर्णाची मुलगी, सव्वादोन वर्षांची. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून माझ्या मागे पाहिलं, आई आली का म्हणून.

त्याला आता सव्वा महिना झाला. सुवर्णा माझी धाकटी जाऊ. आम्ही मूळचे जामखेडकडचे. माझा नवरा आणि धाकटे भाऊजी दोघंही नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून इथंच घर बांधलं. खाली आम्ही, वर ते. सुवर्णाचं माहेर राहात्याजवळ, दहा-बारा गाईंचा गोठा असलेलं. बोलायला कमी आणि कामाला वाघ अशी ती होती. लग्नानंतर नऊ वर्षं मूल झालं नाही. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, लोकांचे टोमणे तर रोजचेच होते, आणि त्यातले काही माझेही होते हे आज कबूल करते. मग दोघांनी दत्तक मुलासाठी अर्ज केला आणि वाट बघत बसले. काही वर्षं गेली. त्याच सुमारास मला दुसरी मुलगी झाली, रेवा. रेवाला मांडीवर घेऊन सुवर्णा तासन्‌तास बसायची आणि भूक लागून ती रडायला लागली की न बोलता माझ्याकडे द्यायची. ते देताना तिला काय वाटत असेल, याचा मी एकदाही विचार केला नाही.

रेवा सात महिन्यांची असताना शिशुगृहातून निरोप आला. मुलगी आहे, अडीच महिन्यांची, कागदपत्रं होऊन महिन्याभरात घरी आणता येईल. संध्याकाळी सुवर्णा खाली आली आणि म्हणाली, "ताई, मी तिला अंगावर पाजणार हाय."

मी हसले. अंगणवाडी सेविका मी! दरवर्षी स्तनपान सप्ताहात बायकांसमोर चित्रांचा तक्ता उलगडून आईच्या दुधाचं महत्त्व सांगणारी. "अगं, बाळंत झाल्याबिगर दूध यायला तू काय डेअरी आहेस?" म्हणाले.

ती चिडली नाही. "आमच्या गोठ्यात एक कालवड हुती," तिनं सांगितलं. "कधी गाभण बी राहिली न्हवती. शेजारच्या गाईचं वासरू तिलाच लुचायचं. आबा हाकलायचे, ते परत यायचं. महिन्याभरात तिच्या सडाला दूध आलं. आबांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं, ताई. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तू कालवड आहेस का?"

"न्हाई. पर वासरू तर येणार हाय ना."

दुसऱ्या दिवशी ती नगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. मला वाटलं होतं, समजूत घालून परत पाठवतील. पण बाई म्हणाल्या, होऊ शकतं. पोट भरेल इतकं येईलच असं नाही, वरचं दूध द्यावंच लागेल, पण येऊ शकतं. गोळ्या लिहून दिल्या, आणि पंप लावून दर तीन तासांनी दोन्ही बाजूंनी ओढायला सांगितलं. मग आमच्या घरात पंपाचा घरघर आवाज सुरू झाला. स्वयंपाक करता करता ती मध्येच गॅस बंद करून वर पळायची. छातीला चिरा पडल्या, तूप लावून पुन्हा पंप लावायची. चौथ्या आठवड्यात एका दुपारी मला वर बोलावलं. हातात स्टीलचा चमचा होता आणि त्यात एक थेंब. पांढुरका, पातळ. थेंब सांडू नये म्हणून तिनं चमचा दोन्ही हातांनी धरला होता.

"घाम असेल," मी म्हणाले.

का म्हणाले? खूप विचार केला गेल्या महिन्याभरात. माझं सगळं तिच्यापेक्षा जास्त होतं, दोन मुली, सरकारी मानधन, सासरी मान. आणि तिच्याकडे नसलेली एकच गोष्ट ती नुसत्या हट्टानं मिळवू बघत होती. मला ते सोसवलं नाही. सरळ सांगायचं तर मी जळले.

ओवी घरी आली तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. जामखेडहून सासूबाई आल्या. आधी फोनवर "लोकाचं लेकरू अंगावर घ्यायचं म्हंजी काय खेळ हाय व्हय?" म्हणाल्या होत्या. आल्या त्या डिंकाचे लाडू घेऊनच, आणि सुवर्णाला समोर बसवून तिच्या डोक्याला, कानाला घट्ट रुमाल बांधला. "बाळंत झाली न्हाई म्हणून काय झालं? कानात वारं शिरल." भर उन्हाळ्यात कानाला रुमाल बांधून, घामाघूम होऊन बसलेली सुवर्णा… इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

ती खुशी दोन दिवस टिकली. ओवीला बाटलीची सवय. बाटलीतून दूध भराभर येतं, इथं ओढून ओढून थेंब. ती दोनदा ओढायची, मग पाठ ताणून, लालबुंद होऊन किंचाळायची. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक नळी दिली होती, एक टोक वाटीतल्या दुधात आणि दुसरं छातीला चिकटवायचं, म्हणजे ओढलं की दूध येतं आणि बाळाला वाटतं आईकडूनच आलं. ओवी ती नळीही तोंडातून ढकलून द्यायची. आणि इथं सुवर्णानं गोठ्यातलाच नियम लावला. धार काढायच्या आधी वासरू भुकेलं ठेवतात. भुकेलं वासरू सोडलं की ते तुटून पडतं आणि गाय पान्हावते. सुवर्णानं बाटलीच्या वेळा लांबवल्या. पोर भुकेली ठेवली की ओढेल, या आशेनं.

पोर ओढायची नाही, नुसती रडायची. दहाव्या दिवशी मी अंगणवाडीच्या काट्यावर तिचं वजन केलं. दीडशे ग्रॅम कमी. साडेतीन महिन्यांच्या बाळाचं वजन घटणं म्हणजे काय, हे मी रोज बायकांना सांगते. सुवर्णाकडे पाहिलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते. शनिवारी शिशुगृहातल्या बाई भेटीला येणार होत्या. कोर्टाचा कागद अजून व्हायचा होता, तोवर ओवी कायद्यानं तिची नव्हती. "ताई, नेतील का वो तिला परत?" तिनं विचारलं. डॉक्टरीणबाई फोनवर स्पष्टच बोलल्या, आजपासून प्रत्येक वेळेला बाटली भरून पाजा, आणि आठवड्यात वजन वाढलं नाही तर अंगावर पाजण्याचा नाद पूर्ण सोडा. सुवर्णानं फोन ठेवला आणि जिन्यात बसली. छातीवर हात दाबून धरला होता, जणू तिथलं काही कुणी काढून नेणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावडरचा नवा डबा आणायला दुकानात गेली. ओवी माझ्याकडे होती, रडून रडून आवाज बसलेली. माझं अंग भरून आलं होतं, रेवाची पाजायची वेळ झाली होती. मी विचार केला नाही. ओवीला पदराखाली घेतलं. ती एका झटक्यात लागली. घटघट आवाज येत होता. तिची मूठ सैल झाली, डोळे मिटले. किती बरं वाटलं म्हणून सांगू… आणि वर पाहिलं तर दारात सुवर्णा.

डबा तिच्या हातात होता. ती ओरडेल, रडेल, मला वाटेल ते बोलेल असं वाटलं. ती आत आली, माझ्यासमोर खाली बसली आणि ओवीच्या हलणाऱ्या गालाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं का तिचं?"

"अर्धं झालं असेल."

"मग द्या."

मी ओवीला सोडवलं. सुवर्णानं तिला घेतलं, तिथंच माझ्यासमोर स्वतःच्या छातीशी लावलं. मला वाटलं, आता पोर किंकाळी फोडणार. पण अर्ध्या पोटी, गुंगीत असलेली ओवी तिथं लागली आणि ओढत राहिली. काही मिळत नव्हतं तरी ओढत राहिली, नुसती मायेपोटी. सुवर्णा श्वास रोखून बसली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हळूच म्हणाली, "वासरासारखं न्हाई हाय ताई हे. माणसाचं लेकरू भुकेलं असलं की चिडतं, पोट भरल्यावर माया करतं."

डॉक्टरीणबाईंना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि हो म्हणाल्या. त्यानंतर रोज तसंच. आधी मी किंवा बाटली, मग ती. दिवसातून सात-आठ वेळा ती जिना उतरून यायची, माझ्या पुढ्यात बसायची आणि माझं झाल्यावर हात पुढं करायची. माझ्यासारख्या तिखट जिभेच्या बाईपुढं दिवसातून आठ वेळा हात पसरणं काय असतं, हे मला आज कळतं. शनिवारपर्यंत वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं. शिशुगृहातल्या बाई चहा पिऊन, हसून गेल्या.

आणि पुढच्या आठवड्यात, सुवर्णा गच्चीत कपडे वाळत घालत असताना खाली ओवी रडली. धाडधाड पायऱ्या वाजल्या. सुवर्णा दारात उभी, हातात ओला टॉवेल तसाच. ब्लाउजवर दोन्ही बाजूंना दोन ओले गोल डाग पसरत चालले होते.

"ताई," ती म्हणाली, "ह्यो घाम न्हाई."

मी तोंड फिरवून रडले. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली.

तिचं दूध कधीच पूर्ण पुरलं नाही, खोटं कशाला लिहू. बाटली शेवटपर्यंत लागली. पण ओवी सहा महिन्यांची झाली तेव्हा एक दिवस सुवर्णा म्हणाली, "आजपासून तुमी नका घेऊ तिला, ताई." मला लागलं ते. थोडे दिवस आम्ही कामापुरतंच बोलायचो. नंतर सगळं ठीक झालं, पण त्या सकाळबद्दल, मी न विचारता तिची पोर पाजली त्याबद्दल, ना ती कधी बोलली ना मी माफी मागितली. घरातल्या घरात कोण कुणाची माफी मागतं?

मागल्या महिन्यात तिला ताप आला. डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी अतिदक्षता विभागात हलवलं. मला पाच मिनिटं आत सोडलं. नळ्या, सुया, सुजलेला चेहरा… डोळे तेवढे तिचे होते. ओवी अजून तिच्या अंगावर दूध पीत होती, झोपताना तेवढं. सुवर्णानं विचारलं, "झोपती का वो ती, माझ्याबिगर?"

तिला धीर यावा म्हणून मी म्हणाले, "झोपते की. माझ्या कुशीत आली की गप्प झोपते. तू काळजी करू नको."

तिनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. मी बाहेर आले तरी मला कळलं नव्हतं मी काय बोलून बसले ते. तिच्याशी ते माझं शेवटचं बोलणं.

ओवी गेला सव्वा महिना धड जेवत नाही. दुपारी झोप आली की घरभर फिरते, दारं उघडून बघते. भाऊजींना बघवत नाही, ते कारखान्यात दोन-दोन पाळ्या करतात. परवा दुपारी ती इतकी रडली की तिला उचकी लागली. मला काही सुचेना. रेवाचं सुटून वर्ष झालं, माझ्या अंगात काही नाही, तरी मी खाली बसले, तिला मांडीवर घेतलं आणि पदर बाजूला केला. घे बाई, म्हटलं, काही नाही आलं तरी घे, निदान झोप तरी.

ती रडायची थांबली. निरखून पाहिलं. मग आपल्या छोट्या हातानं माझा पदर ओढला, छातीवर पसरला आणि टोक खांद्याखाली नीट खोचलं. पाजून झालं की सुवर्णा असाच पदर खोचायची, दोन बोटांनी, घाईघाईत.

"हे आईचं न्हाई," ओवी म्हणाली आणि मांडीवरून उतरून भिंतीपाशी जाऊन बसली.

सुवर्णा, मी खोटं बोलले होते गं. ती माझ्याजवळ झोपत नाही.