केळशीकर सरांचं व्होल्टेज

केळशीकर सर कॉम्प्युटरला वाळ्याचा पडदा लावायचे. माझ्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, पण ही खरी आहे. डोंबिवली पूर्वेला, माझ्या दारासमोरच्याच घरात, तो पडदा मी या डोळ्यांनी पाहिलाय. विदर्भातल्या कुणा जुन्या विद्यार्थ्याने सरांना सांगितलं होतं की ओल्या वाळ्यातून येणारी हवा गार असते. विदर्भात असेल. आमच्याकडे मे महिन्यात हवेतच एवढं पाणी असतं की कावळे उडत नाहीत, पोहत येतात. सरांनी पडदा भिजवून मागे पंखा लावला. गार काही झालं नाही. खोली अत्तराच्या दुकानासारखी घमघमली आणि कॅबिनेटवर तुषार बसले. केळशीकर वहिनी म्हणाल्या, "आता साखर घाला त्यात. सरबत तरी होईल."

सर गणिताच्या क्लासचे. त्यांनी डोंबिवलीत फळ्यावर डस्टर आपटलं की नौपाड्यातली पोरं दचकून पाढे म्हणू लागायची. निवृत्त झाल्यावर त्यांना शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमधल्या, पडद्यावर चित्रं पळवणाऱ्या एका ग्राफिक्स कार्डाची शिकवणी धरली. ते मशीन चालू झालं की आमच्या घरातले दिवे वाकून नमस्कार करायचे, आणि त्याच्या पंख्यांच्या झोताने खाडीवरचे बगळे वाट चुकून कळव्याला उतरायचे. एकदा मी भांडायला म्हणूनच गेलेलो.

"या देसाई," सर म्हणाले. "भांडण नंतर. आधी हे बघा."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चढती रेघ होती. तिच्यावरचा एकेक ठिपका ते माउसने खाली ओढत होते, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तसे.

"कार्डातल्या चिपला जितकं पळवाल तितका तिला दाब लागतो. हा दाब म्हणजे व्होल्टेज. सगळे शहाणे काय करतात? आधी दाब वाढवतात. मग ती तापते, आणि तापली की आपणहून वेग उतरवते. मूर्खपणा सगळा! आधी दाब कमी करा, मग वेग मागा."

"आणि दाब कमी पडला तर?"

"तर अडखळते. पडद्यावर रंगीत ठिपके येतात, मशीन मान टाकतं. जास्त झाला तर जळते. मधली जागा बोटभरच असते, देसाई. पण असते."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणावरचा दाब कधी कमी केला नाही, त्याच्या तोंडून हे ऐकून मी भांडायचंच विसरलो.

हे सगळं कशासाठी, ते वहिनींकडून कळलं. त्यांचा मुलगा निखिल. कॉलेजात असताना त्याने दोन सारखी कार्डं घेतली, दोन्ही एकाच मशीनमध्ये बसवायची म्हणून. सरांच्या मते तो सगळा टाइमपास. निखिलला ब्याण्णव टक्के पडले की सर म्हणायचे, "अजून थोडं." पंचाण्णव पडले तरी "अजून थोडं." पुढे त्याने इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडून अॅनिमेशन धरलं. तेव्हा एका मुंजीत, भरल्या पंगतीत, सर म्हणाले, "तुझ्याच्याने काही व्हायचं नाही." निखिल ताटावरून उठला. महिन्याभरात कॅनडाला गेला. एक कार्ड त्याने नेलं, दुसरं इथेच राहिलं.

नंतर सरांना कुठूनसं कळलं की इंटरनेटवर अशा कार्डांची एक यादी असते. ज्याचं कार्ड जास्त पळेल त्याचं नाव वर. त्यांच्या कार्डाच्या यादीत सर्वांत वर निखिल केळशीकर. सर शिकले, वर्षभर धडपडले आणि एके दिवशी निखिलच्या वर जाऊन बसले. आठवड्याच्या आत निखिल त्यांच्या वर गेला. सरांनी बिल्डिंगभर पेढे वाटले! हरल्याचे पेढे खाल्लेला जगातला पहिला माणूस मी असेन.

तेव्हापासून ते चालूच होतं. सर वर, मग निखिल वर. रविवारी निखिलचा आईला फोन यायचा. वहिनी फोन पुढे करून विचारायच्या, "बोलताय का?"

सर ऐटीत म्हणायचे, "आमचं बोलणं चालू आहे."

मग सर असेच एकदा वर गेले आणि तिकडून उत्तर आलं नाही. एक दिवाळी गेली, दुसरीही गेली. सरांनी त्याचाही हिशोब मांडला. "माझी आघाडीच किरकोळ आहे. त्याला झोंबलेली नाही. आता मोठी उडी पाहिजे." पण बोटभर जागा तर संपली होती. मोठ्या उडीला जास्त दाब हवा, आणि त्याला कंपनीने कार्डातच कुलूप घातलेलं. वाळ्याचा पडदा आला तो याच दिवसांत.

एका रविवारी दुपारी वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, निखिलने ते कार्ड कधीच विकलंय. आज फोनवर सहज बोलून गेला. यांना मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही बोलण्यात हुशार."

मी हुशारी गोळा करून आत गेलो. सरांनी कार्डाच्या आतला प्रोग्रॅम बदलून कुलूप काढलेलं होतं.

"सर, जरा थांबा..."

"गप बसा देसाई. चाललीय बघा कशी!"

आकडा आला. यादीत चढला. निखिलच्या इतका वर की सर खुर्चीतून उठून लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. "आता बघतो कसा गप्प राहतो ते!" मग पुन्हा बसले, हात माउसवर गेला आणि स्वतःशीच म्हणाले, "अजून थोडं."

पडद्यावर रंगीत ठिपके उसळले, मग सगळं काळं झालं. वाळ्याच्या वासात जळका वास मिसळला.

"जाऊ दे," सर हसून म्हणाले. "नंबर चढलाय. आता डाव त्याचा."

तेव्हा मी सांगितलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

सरांनी त्या काळ्या पडद्यापुढे माउस एकदा हलवून पाहिला. "मग मी कुणाला हरवलं?"

बगळ्यांना वाट चुकवणारा मी, मला एक साधी थाप सुचली नाही.

पुढच्या रविवारी वहिनींनी फोन पुढे केला, तर सरांनी तो घेऊन कानाला लावला. "बाबा? हॅलो? बाबा?" मला सोफ्यावर ऐकू येत होतं. सरांचे ओठ हलले. मग फोन परत देत म्हणाले, "आवाज नीट येत नाहीये."

त्या पावसाळ्यातच सर गेले. निखिल आला, दिवस झाले, पाहुणे पांगले. तो वडिलांच्या खोलीत उभा होता.

"काका, इथे वाळ्याचा वास कसा?"

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, पदरचा एक शब्द न घालता. पेढ्यांचंही सांगितलं. त्याने मोबाइलवर ती यादी उघडली. वर वडील, खाली तो.

"मी यामुळेच माझं कार्ड विकलं, काका," तो म्हणाला. "मला वाटायचं, इतक्या लांबूनसुद्धा मला दाखवून देतायत. अजून थोडं, अजून थोडं."

निघताना वहिनींनी ते कार्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून त्याच्यापुढे धरलं. त्याने टॉवेल उघडून पाहिलं आणि पुन्हा नीट गुंडाळून आईच्या हातात दिलं.

"जळलेलं नेऊन काय करू, आई."