शेजारच्या कुलपामागून आलेला खोकला

मंडळी, आजच घडलेलं लिहून राह्यलो.

यवतमाळातली आमची नवी कॉलनी अगदी मोक्याची. बसस्टँड जवळ, बाजार जवळ. सकाळी कोणी नेरला, कोणी आर्णीला ड्युटीवर जातं आणि दिवसभर घराघरांना कुलपं असतात. आज अंगात ताप होता, म्हणून मी घरीच होतो.

अकराच्या सुमारास शेजारच्या खिडकीतून धूर येताना दिसला. दाराला बाहेरून कुलूप आणि आत कोणीतरी खोकत होतं! फोन तरी कोणाला करणार? दोन वर्षांत मी शेजाऱ्याचं नावही विचारलं नव्हतं.

ओरडलो तसे कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून सलीमभाई पहार घेऊन धावत आले.

"हटो भाऊ!" म्हणत त्यांनी कुलूप तोडलं. गॅसवर भाजीचा कोळसा झालेला आणि दाराशीच एक म्हातारी मावशी बसलेली. सलीमभाईंनी गॅस बंद केला, मी मावशीला बाहेर आणलं.

पाणी पिऊन ती म्हणाली, "मले घरचा रस्ता आठवत नाही, म्हणून पोरगा कुलूप लावून जाते. तू कोन होय बापू?"

"मावशी, मी बाजूचाच."

"असं काय? मले वाटे, बाजूचं घर रिकामंच हाय."

मुलगा येईपर्यंत ती आमच्याकडेच होती.

तुमच्या बाजूच्या घरात दुपारी कोण असतं, तुम्हाला माहीत आहे?