मिंगेलबाबने मामाला घरी पोचवलं

शिवोलीच्या मिंगेलबाबने माझ्या मामाला गोव्यातल्या सर्वण गावी घरी पोचवलं. मामा तेव्हा डब्यात होता, आणि मी पेडण्याच्या हॉटेलात पाव-भाजी खात होतो.

मिंगेलबाबचं नाव मुद्दाम आधी घेतलं. पुढच्या हकिगतीत माझंच नाव जास्त येतं, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. मस्कतला एका लॉंड्रीत इस्त्री करतो. मला इथे आणलं बाबलमामाने. तो आधी पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, मग इथे पाण्याचा टँकर चालवू लागला. गोवा तेव्हा नुकताच घटक राज्य झाला होता. आमच्या कॅम्पात मामा मराठीच्या बाजूने आणि स्वयंपाकी मिंगेलबाब कोंकणीच्या बाजूने रोज जेवताना भांडायचे. (भांडण कोंकणीतूनच चालायचं. मामाच्या ते कधी लक्षात आलं नाही.) एका सकाळी मामा उठलाच नाही. झोपेतच गेला. सगळं इथेच करावं लागलं, आणि अस्थी गावी न्यायचं काम माझ्याकडे आलं. डबा मिंगेलबाबने दिला, त्याच्या स्वयंपाकघरातला, दूध पावडरीचा, सात पाण्यांनी धुतलेला. त्यावर पांढरं फडकं बांधलं, आणि मामीचं पत्र येईपर्यंत मामाला कॅम्पाच्या पाण्याच्या टाकीच्या सांगाड्याला टांगून ठेवलं.

मामीने पत्र शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. "त्यांना घेऊन ये. वाटेत जमिनीला टेकवू नको. घरात आणू नको. परसातल्या फणसाला बांधू आणि मग विसर्जनाला हरवळ्याला नेऊ." बस, एवढंच. आमच्याकडे अस्थी खाली ठेवत नाहीत, झाडाला बांधतात, हे मलाही माहीत होतं. पण गावात स्मशानापासून झाडापर्यंतचं अंतर एक विडी ओढून होईल एवढं. मस्कत ते सर्वण हे अंतर आमच्या गावात कुणी हातावर मोजलं नव्हतं. मामीला मूलबाळ नाही. नवरा गल्फात, आणि ती वर्षानुवर्षं त्या फणसाखाली पाटावर बसून त्याच्या पत्रांची वाट बघायची. तिने माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. ते मोडलं असतं तर मी तिच्यासमोर उभा राहू शकलो नसतो.

मग मला प्रश्न पडायला लागले. विमान जमिनीवर उभं असतं, तेव्हा विमानातली फळी जमीन धरायची की आभाळ? बसची सीट? आपल्या चपला? मिंगेलबाब त्याच विमानाने रजेवर निघाला होता. तो शांतपणे म्हणाला, "जमीन म्हणजे माती. टेबल जमीन न्हय."

"पण टेबल जमिनीवरच उभं असतं ना?"

त्याने वाकून टेबलाचे चारही पाय बघितले. मग म्हणाला, "तर टेबलाकूय लावपाक नाका." आणि तिथून पुढे तो माझ्याहून कडक झाला.

मस्कतच्या विमानतळावर डबा तपासणीच्या पट्ट्यावर ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यानेच निकाल दिला की जे चालतं ती जमीन नव्हे. विमानात डबा आळीपाळीने मांडीवर. मी लघवीला गेलो तर तो धरायचा, तो गेला तर मी. मुंबईला उतरेपर्यंत माझे दोन्ही हात कोपरापासून पुढे माझे राहिले नव्हते.

मुंबईच्या कस्टमवाल्या साहेबांनी डबा टेबलावर ठेवायला सांगितला. मी म्हटलं, नाही ठेवता येत. आता गल्फहून आलेला माणूस, छातीशी डबा, आणि तो खाली ठेवायला तयार नाही! आणखी दोन साहेब आले. आत काय आहे, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"मामा."

साहेबांनी फडक्याची गाठ सोडली. डब्यावर गुबगुबीत बाळ, दोन दात दाखवून हसतंय. साहेबांनी बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात मिंगेलबाबने डबा आपल्या दोन्ही तळहातांवर घेतला आणि म्हणाला, "साहेब, टेबल मी. उघडा." त्याने मामाचे कागद माझ्या कुठल्या खिशात आहेत तेही सांगितलं. साहेबांनी कागद वाचले, टोपी काढली, आणि गाठ स्वतः पुन्हा बांधली. (माझ्यापेक्षा चांगली बांधली.)

बसमध्ये आम्ही डबा पंच्याने वरच्या दांडीला टांगला. प्रत्येक वळणावर मामा पुढच्या सीटवरच्या कणकवलीच्या बाईंच्या अंबाड्याला हलकेच लागायचा. त्यांनी तूप आहे का म्हणून विचारलं. मी होय म्हटलं. मग वास कसो येणा नाय, असं त्या कणकवलीला उतरेपर्यंत विचारत राहिल्या.

सकाळी बस पेडण्याला थांबली. मिंगेलबाब तोंड उघडं टाकून झोपला होता. डबा दांडीला नीट होता. मला वाटलं, आपण जरा खाली उतरून आपले हात बघावेत. दोन दिवसांनी ते मोकळे झाले होते. हॉटेलात बसलो, एका हाताने पाव-भाजी खाल्ली आणि दुसरा हात नुसता टेबलावर पसरून ठेवला. इतकं सुख मला कुठल्याच पगाराच्या दिवशी झालं नव्हतं. म्हणून दुसरी प्लेट मागवली. ती संपवून बाहेर आलो, तर बस नव्हती.

मागच्या बसने म्हापशाला कसा पोचलो ते आठवत नाही. स्टँडवर एका कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "तो डबेवालो किरिस्तांव? त्याची बायको न्यायला आली होती. रडत होती बिचारी. त्याने तिला जवळपण घेतलं नाही. डबा धरून उभा. मग दोघं टॅक्सीत बसून डिचोलीच्या वाटेने गेली."

डिचोली ते सर्वण मी चालतच गेलो. डबा वाटेत कुठे टेकला असेल, तर मामीला काय सांगायचं? पाव-भाजी?

अंगणात मिंगेलबाब उभा होता. अंगात कोट, दोन्ही हातांवर डबा. बाजूला त्याची बायको क्लारा, ठेवणीतल्या झग्यात, घामाघूम. मामी खुर्ची घेऊन उभी. मला बघून मामी म्हणाली, "केन्नाचो उबो आसा रे. बस म्हटल्यार बसना. फणसाक बांद म्हटल्यार बांदना."

"गांठ भाच्यान मारपाची," मिंगेलबाब म्हणाला.

मामीने माझ्याकडे बघितलं आणि डबा टेकल्याबद्दल एकच विचारलं, "खंय तेंकलो?"

पेडण्यापुढचं मला कुठे ठाऊक होतं? उत्तर क्लाराने दिलं, आणि नवऱ्याकडे बोट दाखवत रागानेच दिलं. "तेंकलो? दोन वर्सांनी घोव आयला म्हजो. म्हाका पसून अजून हात लावंक ना!"

मामी हसली. मामा गेल्याची तार आल्यापासून पहिल्यांदाच, असं शेजारी नंतर सांगत होते. हसता हसताच तिने डबा घेतला, छातीशी धरला आणि फणसाकडे तोंड करून उभी राहिली. मग मी गाठ मारली. ती दोनदा सुटली.

दुसऱ्या दिवशी हरवळ्याला विसर्जन झालं. मिंगेलबाबही आला होता, लांब पायरीवर उभा होता. परतताना मी त्याचा हात धरून म्हटलं, "मिंगेलबाब, देव तुम्हाला शंभर वर्षं देवो. पण तुमची वेळ येईल तेव्हा, तुम्ही जगात कुठेही असा, मी तुम्हाला शिवोलीला आणीन. जमिनीला टेकवणार नाही. शब्द देतो."

तो माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाबा, आमकां जमनींतूच पुरतात."

हे सगळं मी मस्कतला खाटेवर बसून लिहितोय. मिंगेलबाब, तुमचे उपकार मी एक दिवस फेडणार, यात बदल नाही. फक्त कसे ते तुम्हीच सांगून ठेवा. माझ्या डोक्यातून निघालेली पहिली कल्पना तुम्हाला कायमचं अधांतरी ठेवण्याची होती.