दहा नंबरी कार्ड

रविवार, १४ तारीख, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. पांढुर्ण्यातल्या आमच्या छंद मंडळाच्या ‘दुर्मिळ वस्तू’ प्रदर्शनातून माझ्या मुलीचं कार्ड मला न विचारता देऊन टाकलं गेल्याचं मला तेव्हा कळलं.

कार्ड म्हणजे खेळायचे पत्ते नव्हेत. रेवा शाळेत असताना पाकिटातून जमवायची ती ड्रॅगनची कार्डं. तिच्याकडे एकाच ड्रॅगनची दोन आहेत, आणि दोन्ही तिने परदेशातल्या एका कंपनीकडून ग्रेड करून घेतली. कंपनी कोपरे, कडा, छपाई तपासते, आकडा देते आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते.

एकाला मिळाले दहापैकी दहा. त्या छपाईची दहा मिळालेली कार्डं बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. दुसऱ्याला एक... कारण बाईसाहेबांनी ते कॉलेजभर पुस्तकात खूण म्हणून वापरलं. चित्र तेच, वय तेच. लोकांना हा फरक दाखवावा म्हणून मी दोन्ही मागून आणली. ‘आई, दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. डबी फुटली की दहा गेले,’ असं रेवाने तीनदा बजावलं होतं.

तर चार वीसला मी कार्डं घ्यायला गेले. काचेच्या कपाटात, कुलपाआड, लाल फीत लावून बसलं होतं ते चुरगळलेलं एक नंबरचं कार्ड. पहिलं बक्षीस! दहाचं गायब.

आमचे अध्यक्ष रमेशभाऊ जन्मभर संत्र्याच्या व्यापारात. “मॅडम, तुमचा एक नंबर माल काचेत ठेवला न मी,” ते अभिमानाने म्हणाले. “दहा नंबर उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून देऊन टाकला. रामाकोन्याच्या शेवंताबाईले.”

“भाऊ, दहा म्हणजे सर्वांत वरचा!”

“काहीतरीच काय मॅडम. एक नंबर वरचा. मंडीत कोणालेही विचारा.”

आता सांगा, या माणसाशी काय वाद घालणार? आयुष्यभर ज्याने फळ हातात घेऊन एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशा राशी लावल्या, त्याच्यासमोर दहाव्या राशीत काय उरणार... पण भाऊ, शेजारी पाटी होती. ‘दहा म्हणजे सर्वोत्तम’, मी मराठीत लिहिलेली. वाचायला काय झालं होतं?

संध्याकाळी रेवाचा फोन आला. कार्ड कुठंय, तिने विचारलं. मी म्हणाले, कपाटात. नन्सच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेली मी, धडधडीत खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सौंसर, तिथून ऑटोने रामाकोना. शेवंताबाई प्रदर्शनात धान्य मापायची जुनी पितळी पायली घेऊन आल्या होत्या, एवढीच आमची ओळख. अंगणात शिरले आणि पाहते तर... बाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर डबी, हातात सांडशी.

“या बाई, बरं झालं आल्या. हे उघडूनच नाही राहिलं पाहा! दातानं पाहिलं, सांडशीनं पाहिलं. आता वरवंटा आणतो म्हटलं.”

“कशाला उघडता?”

“नातीच्या पेटीवर चिकटवाचं होतं चित्र. गोंद भी आणून ठेवला.”

मी अक्षरशः डबी हिसकावली. चष्मा पुसून चारही कडा उन्हात धरून पाहिल्या. एका कोपऱ्यावर दाताची खूण, एक ओरखडा. सील शाबूत. आत कार्ड जसंच्या तसं, कोरं करकरीत. मी तिथंच ओट्यावर बसले आणि बाईंनी न विचारता पाणी आणून दिलं.

मग तिथूनच रेवाला फोन लावला आणि कालचं खोटं कबूल केलं. ती हसली. म्हणाली, “आई, दुसरं देऊन टाक त्यांना.”

ते काल कपाटातून काढून घेतलेलं, पर्समध्येच होतं. पण मिळालेली भेट परत मागायची, आणि बदल्यात चुरगळलेलं द्यायचं, याची मला लाज वाटत होती. खरं ते सांगितलं, याला फार भाव नाही म्हणून. बाईंनी लेबलवरचा आकडा बोटाने चाचपला.

“एक नंबर हाय न हा? मंग हाच पाहिजे मले. दहा नंबरी घरात कोण ठेवते बाई! पोलिस येतीन.”

परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेवंताबाई, तुमच्या दातांचे आणि त्या सांडशीचे आभार. दोघांनी हार मानली म्हणून माझ्या लेकीला तोंड दाखवू शकले.

पण रमेशभाऊ, तुम्हाला हसून सोडणार नाही. नंबरांचा घोळ मी माफ केला, तो कुणाचाही होईल. न विचारता दुसऱ्याची वस्तू वाटून टाकणं माफ नाही. तो अधिकार मंडळाला कुणी दिला आणि यापुढे वस्तू सही घेऊन परत करणार की नाही, याचं लेखी उत्तर येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या घरी पोचलं पाहिजे. ‘सॉरी मॅडम’चा व्हॉट्सॲप मेसेज चालणार नाही. कागद, सही, शिक्का.